प्राडाची कोल्हापुरी: श्रेय मिळालं, हिशेब कोण मागणार?

आडवाट

२२ जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडा या महागड्या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी अंगठ्याची चप्पल रॅम्पवर आली, तेव्हा इथे मंचावर केवढा मोठा चर्चेचा धागा पळाला होता ते जुन्या मंडळींना आठवत असेल. तेव्हाचा राग श्रेयाचा होता. कोल्हापूरचं नाव नाही, कारागिराचा उल्लेख नाही, आणि किंमत म्हणे लाखाच्या वर. पुढे महाराष्ट्र चेंबर या उद्योग-व्यापाराच्या संघटनेच्या ललित गांधींनी पत्र लिहिलं. प्राडाकडून लोरेन्झो बेर्तेल्ली यांनी प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली आणि डिसेंबरमध्ये मुंबईत करार झाला. करारात प्राडासोबत आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ (लिडकॉम) आणि कर्नाटकचं डॉ. बाबू जगजीवन राम महामंडळ (लिडकर) आहे. २००० जोड, किंमत साधारण ८०० युरो, जगभरातली ४० दुकानं, विक्री फेब्रुवारी २०२६ पासून असं जाहीर झालं. शिवाय कारागिरांसाठी तीन वर्षांचं प्रशिक्षण.

बातम्या तिथे संपल्या. माझे प्रश्न तिथे सुरू होतात.

मी काही वर्षं पर्स आणि पट्टे निर्यात करणाऱ्या एका कंपनीत मर्चंडायझिंगचं काम केलं आहे. युरोपातलं गिऱ्हाईक नमुना हातात घ्यायच्या आधी कातडं कोणत्या टॅनरीतलं, म्हणजे कमावण्याच्या कारखान्यातलं, ते विचारायचं. टॅनऱ्या तपासणाऱ्या लेदर वर्किंग ग्रुपचं प्रमाणपत्र आहे का, असल्यास सुवर्ण की रौप्य, क्रोमियम सहाचा रिपोर्ट कुठे आहे? (त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूत हे घातक रसायन किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर २०१५ पासून युरोपात माल विकता येत नाही.) फायली भरून कागद व्हायचे. किमान वेतनाच्या रकान्यात बरोबरची खूण असायची. पण शिवणाऱ्याला एका नगामागे किती सुटतात हा आकडा त्या फायलींत मी कधी पाहिला नाही.

महागड्या चामडी वस्तूंच्या धंद्यात 'नैतिक' म्हणून जे मोजतात ते बहुतेक कातड्यापाशी थांबतं. कोल्हापुरीच्या बाबतीत तर तिथपर्यंतही चर्चा गेलेली नाही. ८०० युरोंतले जोडामागे कारागिराच्या हातात किती? कातडं कुठलं, कमावलं कुणी? दोन हजार जोड संपल्यावर काय?

माहीतगारांनी लिहावं. 'कशी जिरवली गोऱ्यांची' छापाच्या प्रतिसादांसाठी जुना धागा उघडाच आहे.

घासाघीस

ते सगळं ठीक आहे, पण ८० हजारांची चप्पल अंबाबाईच्या देवळाबाहेर काढून ठेवायची छाती कुणाची आहे?

तिकटीवरचा

घासाघीस भाऊ, त्यांच्याकडे चप्पल सांभाळायला माणूस असतोय. तुम्ही आपली काखेत मारा.

वादी_वेणी

कोल्हापूरच्या सुभाषनगरातून लिहितोय. घरात तीन पिढ्या हेच काम. नाव नको, आयडीच बरा.

पहिली गोष्ट, जोड एका माणसाचा नसतोय. तळ कापणं आणि ठोकणं एकाचं, पट्टा, कान, अंगठा दुसऱ्याचं, आणि वेणी घालायची, वादीनं शिवायचं ते बायकांचं. खिळा कुठंच न्हाई, सगळी शिवण कातड्याच्याच वादीची. कापायची रापी नि टोचायची आरी एवढ्यावर काम चालतंय. बारीक कामाची कापशी चप्पल असली तर वेणीवरच दिवस जातोय. आमच्या आईनं आयुष्यभर वेणी घातली, पण 'कारागीर' म्हणून कार्ड वडिलांचं. फोटोत बी वडीलच.

दुसरी गोष्ट मजुरीची. दुकानात अडीच हजाराला जाणारा जोड आमच्याकडून निम्म्याच्याही आत जातोय. त्यातनं कातडं, तेल, रंग काढा. उरलं ते दोघा-तिघांत वाटायचं. पावसाळ्यात चप्पल वाळतच न्हाई, म्हणजे तीन-चार महिने हात आखडून बसायचं. आता आमचा धाकटा भाऊ गोकुळ शिरगावला एमआयडीसीत जातोय. पगार काय लई न्हाई, पण सात तारखेला येतोय. त्याला परत रापी धर म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं?

प्राडाचं काम चांगलं की वाईट मी म्हणत न्हाई. दर किती ते सांगा, मग बोलू.

ताळेबंद

वादी_वेणी, प्रतिसाद आवडला. पण धागाकर्त्यांच्या प्रश्नातला '८०० युरोंतले किती' हा सूर जरा फसवा आहे, म्हणून आकडेमोड करतो.

२००० × ८०० = १६ लाख युरो, म्हणजे आपले साधारण १६-१७ कोटी. ऐकायला मोठं. पण इटलीत २२ टक्के व्हॅट किमतीतच धरलेला असतो. म्हणजे ८०० पैकी सुमारे १४४ युरो सरकारचे. मग मिलान-पॅरिसच्या हमरस्त्यावरच्या दुकानाचं भाडं, पगार, जाहिरात, न खपलेला माल. हे सगळं वजा करून कंपनीला उरतं ते. तेव्हा 'चप्पल हजाराची, विकतात ऐंशी हजारांना, बाकीचा सगळा नफा' असं नसतं.

अर्थात हेही कबूल की इटालियन सरकारचा जोडामागचा वाटा बहुधा बनवणाऱ्याच्या वाट्यापेक्षा मोठा असेल.

पो_काठची

मिलानजवळ राहते, फॅशनशी संबंध फक्त खिडकीतून बघण्याचा. पण इथे गेली दोन वर्षं वर्तमानपत्रांत जे येतंय ते धाग्याला धरून आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

आपल्याकडे समज असा की इटलीत बनलेलं म्हणजे कुणीतरी पांढऱ्या मिशांचे आजोबा टेबलावर वाकून शिवतायत. मिलानच्या न्यायालयाने २०२४ च्या जानेवारीत अल्वियेरो मार्तिनी, एप्रिलमध्ये अर्मानीची एक उपकंपनी आणि जूनमध्ये डिओरची बॅगा बनवणारी इटालियन कंपनी न्यायालयीन देखरेखीखाली आणली. २०२५ मध्ये व्हॅलेंटिनोची कंपनी आणि लोरो पियाना. कारण सगळीकडे जवळपास एकच: काम कंत्राटदाराला, त्याने उपकंत्राटदाराला, आणि शेवटी मिलानच्या आसपासच्या चिनी मालकांच्या छोट्या कारखान्यांत कामगार तिथेच झोपतायत, मशीन जोरात चालावं म्हणून सुरक्षेचे भाग काढून टाकलेत. तपास करणाऱ्यांनी वीजबिलंही पाहिली. रात्री आणि सणाच्या दिवशीही वीज सारखीच खर्च होत होती, त्यावरून कामाचे तास पकडले.

डिओरच्या प्रकरणात न्यायालयाच्या कागदांतला आकडा गाजला. एका बॅगेच्या जोडणीसाठी पुरवठादाराला ५३ युरो, दुकानातली किंमत २६०० युरो. त्या ५३ मध्ये कातडं नाही, हे ताळेबंद यांनी सांगायच्या आधी मीच सांगते. अर्मानीच्या बॅगेत उपकंत्राटदाराला ९३, पुरवठादाराने अर्मानीला दिली २५० ला, दुकानात १८०० च्या आसपास.

या आदेशांत प्राडा नव्हती, तेही स्पष्ट लिहिते. आणि कंपन्यांवर ठपका होता तो देखरेख न ठेवल्याचा. डिओर आणि अर्मानीवरची देखरेख पुढे मुदतीआधी उठवलीही. पण सांगायचं इतकंच की हे आकडे कंपन्यांनी आपणहून सांगितलेले नाहीत. सरकारी वकील दारात गेले तेव्हा बाहेर आले. तेव्हा कोल्हापूरचा दर कुणी प्रसिद्धिपत्रकात छापेल याची वाट बघू नका.

निपाणी_नाका

सीमेवरून दोन शब्द. भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव) २०१९ मध्ये मिळालं ते आठ जिल्ह्यांना: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. तुम्ही मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनात 'ओरिजिनल कोल्हापुरी' म्हणून घेता त्यातली बरीच अथणी आणि निपाणी भागातली असते. इथले समगार समाजातले कारागीर घरात कन्नड बोलतात, व्यापाऱ्याशी मराठी. अथणीत 'टोहोल्ड' नावाने कारागिरांच्या, त्यातही बायकांच्या बचत गटांनी परदेशात माल पाठवला होता, प्राडाचं नाव इथे कुणी ऐकण्याआधी. तेव्हा 'प्राडामुळे जगाने दखल घेतली' हे वाक्य जरा जपून.

करारात दोन्ही राज्यांची महामंडळं आहेत ही मला सगळ्यात बरी गोष्ट वाटली. सीमाप्रश्नात एवढं एक तरी चपलेनं जमवलं.

हिरडा

धागाकर्त्यांनी 'कमावलं कुणी' विचारलं आहे आणि अजून कुणी त्याला हात लावलेला नाही, म्हणून मी लावतो.

चप्पल बनवणारा वेगळा, कातडं कमावणारा वेगळा. आमचा समाज ढोर. आजोबा कातडं कमवायचे. चुन्याच्या पाण्यात केस सोडवायचे, मांस खरवडायचं, मग बाभळीची साल आणि हिरडा. कातड्याचीच पिशवी शिवून तिच्यात सालीचं पाणी भरून टांगायची. पाणी झिरपून खाली येईल तसं परत वरून ओतायचं. असं करत महिना-दीड महिना. त्या कातड्याचा तळ घामाने सडत नाही, वापरेल तसा पायाचा आकार घेतो. क्रोमियमचं रसायन वापरणाऱ्या टॅनरीत तेच काम एक-दोन दिवसांत उरकतं, पण तो रंग, तो करकरीतपणा नाही, आणि नदीत काय जातं ते कानपूरच्या जाजमऊला जाऊन बघा.

आज याला 'व्हेजिटेबल टॅन' म्हणतात आणि जास्त पैसे मोजतात. इटलीत सांता क्रोचे भागातल्या अशा टॅनऱ्यांचा १९९४ पासून संघ आहे, त्यांच्या कातड्याच्या बॅगेसोबत क्रमांक घातलेलं हमीपत्र मिळतं. माझ्या आजोबांना याच सालीच्या वासापायी गावाच्या पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते. वडिलांनी शिक्षक होऊन ते काम सोडलं आणि मला त्याचा आनंदच आहे. गावातले कातडं भिजवायचे हौद बुजले. ज्यांना आता परंपरा वाचवायचीय त्यांनी आधी हे सांगावं की तो हौद पुन्हा उघडायला उतरायचं कुणी? त्याच जातीच्या पोरांनीच ना?

आणि मग कायदा. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात हत्याबंदीत गायीबरोबर बैल आणि वळूही आले. म्हैस-रेडा त्यात नाही, आणि तळाला म्हशीचं कातडं चालतं. कागदावर प्रश्न नाही. पण रात्री गाडी अडवणारा कातडं कशाचं ते तपासत बसत नाही, आधी हात चालवतो. वाहतूकदार नको म्हणायला लागले. आता बहुतेकांचा माल तयार होऊन चेन्नईकडून येतो. म्हणजे आठ जिल्ह्यांचं मानांकन, आणि कातडं तिसऱ्याच राज्याचं.

शेंडीफू

आलं शेवटी! चपलेच्या धाग्यातही तेच राजकारण. गोवंश हा श्रद्धेचा विषय आहे, तो इथे ओढायची काय गरज होती?

आडवाट

शेंडीफू, तुमच्या श्रद्धेबद्दल कुणी काही म्हटलेलं नाही. हिरडा यांनी म्हशीच्या कातड्याच्या गाडीबद्दल लिहिलंय, जी कायदेशीर आहे. कच्चा माल कुठून येतो हा धाग्याचा विषय आहे आणि कच्चा माल कातडं आहे. ते कशाचं, कुठून, कोणत्या रस्त्याने, हे टाळून नैतिक खरेदीवर बोलायचं तर मग नुसतं खोक्याच्या रंगावरच बोलू.

हिरडा, हौदाच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही. पण कुणी उतरायचंच असेल तर पंप, हातमोजे, सांडपाण्याची सोय आणि पगाराची नोकरी असल्याशिवाय नाही, इतकं तरी करारात मागता येईल. प्रशिक्षणाचे पैसे आहेत म्हणतात ना? कारागिराला चप्पल शिवायला काय शिकवणार! ते पैसे टॅनिंगच्या सामायिक केंद्रावर जावेत.

संपादक मंडळ

विषयाला धरून बोलावे. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

मुगाची_खिचडी

एक बाळबोध प्रश्न. कातडं हवंच कशाला? वीगन लेदर आहे की.

वादी_वेणी

रेक्झीन व्हय? त्याच्या चपला रस्त्यावर शे-दोनशेला मिळत्यात, 'कोल्हापुरी' म्हणूनच. आमचा निम्मा धंदा त्यांनीच खाल्लाय.

आडवाट

मुगाची_खिचडी, बहुतेक 'वीगन लेदर' म्हणजे पॉलियुरेथेन, सरळ भाषेत प्लास्टिक. न मारता मिळतं हे खरं, पण कुजत नाही आणि दुरुस्तही होत नाही. प्रामाणिक पर्याय बघायचा तर मुंबईत सुधीर राजभर यांचा चमार स्टुडिओ बघा. गोवंशबंदीनंतर काम गेलेल्या चर्मकारांबरोबर त्यांनी रबराच्या पुनर्वापरातून बॅगा बनवल्या, हातकौशल्य तेच ठेवून. आणि नाव लपवलं नाही, ते थेट दुकानावर लावलं. ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात धीट काम वाटतं. पण त्याने कोल्हापुरी चप्पल होत नाही, हेही आहेच.

घासाघीस

थोडा गंभीर होतो. आयडी माझा घासाघीस आहे कारण मी करतो. चप्पल लाइनमध्ये उभं राहून आपण सगळेच पंधराशेची हजाराला मागतो आणि मॉलमधल्या बुटाच्या खोक्यावर छापलेली किंमत मुकाट देतो. दुकानदार ते पन्नास-शंभर स्वतःच्या खिशातून सोडत असेल असं मानायला मी तयार नाही.

तिकटीवरचा

मग भाव करायचाच न्हाई का? मापात राहून करतोय की आम्ही. आणि चप्पल लाइनमधला दुकानदार भाव करणार म्हणून आधीच वाढवून सांगतोय, त्याचं काय? एकदा किंमत छापा, विषय संपला.

ताळेबंद

तिकटीवरचा यांच्याशी सहमत. लिडकॉमने २०२५ मध्ये जोडाला क्यूआर कोड लावायला सुरुवात केली, स्कॅन केला की कारागीर किंवा गट, जिल्हा, कातडं वगैरे दिसतं. त्यात 'बनवणाऱ्याला दिलेली रक्कम' ही एक ओळ वाढवायला तांत्रिक अडचण शून्य आहे. नाना पाटेकरी भाषण नको, एक रकाना हवा.

कलम_वीस

उशिरा आलो. वकिली करतो, पण या प्रकरणात नाही.

काही गैरसमज धाग्यात डोकावतायत. भौगोलिक मानांकन नावाचं रक्षण करतं, आकाराचं नाही. प्राडाने जूनमध्ये 'कोल्हापुरी' नाव वापरलंच नव्हतं, त्यामुळे आपल्या १९९९ च्या कायद्याने भांडायला फार जागा नव्हती, आणि भारतातली नोंदणी इटलीत चालतही नाही. मुंबई उच्च न्यायालयात प्राडाविरुद्ध जनहित याचिका गेली ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत मालक नाहीत, मालकांना यायचं तर यावं, असा त्याचा रोख. मालक म्हणजे लिडकॉम आणि लिडकर. कारागीर नव्हे. कारागिराला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. वादी_वेणी, तुमच्या आईंची ती नोंदणी स्वतंत्रपणे होऊ शकते, जरूर करा.

आता जी गोष्ट कुणी बोलत नाही ती. युरोपीय संघात आजवर अशी ओळख वाइन, चीज अशा शेतीच्या आणि खाण्यापिण्याच्या मालालाच होती. १ डिसेंबर २०२५ पासून तिथे हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंनाही भौगोलिक संरक्षण देणारा नवा कायदा लागू झालाय, आणि बाहेरच्या देशातले उत्पादकही अर्ज करू शकतात. तो अर्ज कोल्हापुरीसाठी झाला तर पुढचा कोण प्राडा असेल त्याच्याशी बोलताना बळ वेगळं असेल. अर्ज कुणी करायचा? मानांकनाचे मालक म्हणून पुढाकार पुन्हा त्याच दोन महामंडळांनी घ्यायला हवा.

निपाणी_नाका

म्हणजे सगळी चावी महामंडळाकडे. आणि करार बघितला कुणी? कुणीच नाही.

आडवाट

महामंडळ सरकारी आहे ना? मग माहितीचा अधिकार लागू. मी टाकते अर्ज लिडकॉमकडे. कच्चा मसुदा:

करारनाम्याची प्रत मिळावी. प्रत्येक जोडामागे कारागिरास अथवा गटास देय रक्कम किती. कातडे कोणत्या टॅनरीतून घेतले. काम मिळालेल्या कारागिरांपैकी स्त्रिया किती. २००० जोडांनंतर खरेदीची काही हमी आहे काय. प्रशिक्षणाचा खर्च कोण, कशावर करणार. युरोपीय संघात नोंदणीचा अर्ज केला आहे काय.

कलम_वीस

चांगलं आहे. पण करारनाम्याच्या प्रतीवर ते कलम ८(१)(ड) दाखवतील, व्यापारी गोपनीयता, आणि कलम ११ खाली प्राडाला विचारतील. म्हणून दराचा प्रश्न कराराशी जोडू नका, महामंडळाने कारागिरांना प्रत्यक्ष दिलेली रक्कम म्हणून विचारा. तो सार्वजनिक पैशाचा हिशेब होतो, नाकारणं अवघड.

हिरडा

'कातडे कोणत्या टॅनरीतून' याच्या पुढे 'ती कोणत्या राज्यात, कमावण्याची पद्धत कोणती' हेही घाला. नाहीतर नुसतं एका व्यापाऱ्याचं नाव देऊन मोकळे होतील.

निपाणी_नाका

लिडकरकडे मी टाकतो, कन्नडमध्ये. मसुदा पक्का झाला की द्या.

वादी_वेणी

आणि वेणीचा दर वेगळा इचारा. जोडाच्या दरात घालू नका, न्हाईतर बायकांचं परत त्यातच बुडंल.

कलम_वीस

सगळं घाला, पण महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि विषय एकच लागतो. कर्नाटकातही तेच. युरोपच्या नोंदणीचा प्रश्न वेगळ्या अर्जात टाका, त्याचं दहा रुपयांचं तिकीट माझ्याकडून.